उचलीचं नाव काय? ऊसतोड, जनवकिली आणि १९७६ चा कायदा

'आधुनिक गुलामगिरी' या विषयावर संशोधन प्रस्ताव लिहिताना पहिल्याच पानावर ग्लोबल स्लेव्हरी इंडेक्सचा आकडा टाकायचा मोह होतो. टाकण्याआधी एवढं पाहा. या निर्देशांकाने भारतासाठी २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ८३ लाखांचा अंदाज दिला आणि २०१८ मध्ये सुमारे ८० लाखांचा. दोन वर्षांत एक कोटी माणसं सुटली, असं काही घडलेलं नाही. मोजायची पद्धत बदलली. असा आकडा सरकारचं लक्ष वेधतो. पण नेमकी कोणती मागणी करायची, ते सांगत नाही.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

आता १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचा. उचलीपोटी माणसाला नाममात्र मजुरीवर राबावं लागलं, दुसरीकडे काम धरता आलं नाही किंवा हवं तिकडे जाता आलं नाही, तर यातली एकही गोष्ट वेठबिगारी ठरायला पुरेशी आहे. आणि वेठबिगारी ठरली की ते कर्जच संपतं.

मग इतक्या वर्षांच्या राजकारणात मागणी कशाची झाली? मुख्यतः दराची. संप, लवाद, करार. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ही खरी कमाई आहे. पण त्याच बोलणीत मुकादमाचं कमिशनही ठरतं. मजूर आणि मुकादम एकाच बाजूला बसले, तर उचलीचा हिशोब कोण मागणार? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढल्याचं आलं. चर्चा मात्र दवाखान्यांभोवतीच जास्त फिरली. एक खाडा पडला तरी दंड लागतो, तो देणं शक्य नाही म्हणून बाई आजार अंगावर काढते, हा धागा मागे पडला. माझा आक्षेप इथेच आहे: प्रश्न 'कल्याणा'चा म्हटला की महामंडळ मिळतं, 'सुटके'चा म्हटला की जिल्हाधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी वाट याच राज्यात चालून झाली आहे. वसई भागात लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या आदिवासींना 'लग्नगडी' म्हणत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात याच कायद्यावर बोट ठेवून त्यांची सुटका मागितली. १९९९ मध्ये दोघांना अँटी-स्लेव्हरी पुरस्कार मिळाला. विवेक पंडित पुढे आमदारही झाले. मोर्चा आणि कायद्याचं कलम तिथे हातात हात घालून गेले.

पण वसईची नक्कल बीडला जशीच्या तशी चालेल, असं लिहू नका. बहुतेक मजुरांना उचल हवी असते, जास्तच हवी असते. आजारपण, लग्न, घर त्यावरच निभतं. उद्या उचल बंद झाली तर पैसे कोण देणार, हा संघटनांचा सवाल रास्त आहे. प्रत्येक उचल वेठबिगारी नसतेच. म्हणून प्रश्नावलीत 'किती उचल घेतली?' एवढ्यावर थांबू नका. 'मधेच काम सोडलं तर काय होतं?' हे विचारा. कायद्याची कसोटी तीच आहे.

आणि एक काम शहरात बसूनही होईल. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती सांगितली आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं विभागीय आयुक्तालय इथेच, छत्रपती संभाजीनगरात आहे. माहितीच्या अधिकारात एकेका जिल्ह्याच्या समितीचं इतिवृत्त मागवा. बैठक झाली का, आणि तिच्यात 'उचल' हा शब्द एकदा तरी आला का, एवढं तपासा. जागतिक आकड्यापेक्षा तुमच्या प्रबंधाला आणि मागणी करणाऱ्यांनाही ते जास्त कामाला येईल.