लेफ्कांदीचा नराश्व : नामकरणाची घाई

ग्रीसमधील युबिया बेटावर लेफ्कांदी येथील दफनभूमीत सापडलेली नराश्वाची मृण्मूर्ती इ. स. पू. ९०० च्या सुमाराची असून तिची उंची अवघी ३६ सेंटिमीटर आहे. या अर्धमानव, अर्धाश्व प्राण्यास ग्रीक लोक केंतॉर म्हणत. धड पोकळ, नळकांड्यासारखे आणि कुंभाराच्या चाकावर घडविलेले. अंगावर गडद रंगाची भौमितिक नक्षी. देह असा भांड्याच्या रीतीचा, चेहरा मात्र पाहणाऱ्यास थांबविणारा. ही कुंभाराची करामत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

अभ्यासकांचे लक्ष मात्र दोन खुणांवर खिळले आहे. उजव्या हातास सहा बोटे आहेत आणि डाव्या पुढल्या पायाच्या गुडघ्यापाशी मुद्दाम पाडलेली खाच आहे. यावरून हा कायरॉन असावा, असे अनेकांनी सुचविले आहे. कारण हेराक्लीसचा बाण कायरॉनच्या गुडघ्यात रुतल्याची कथा आहे. पण ती ज्या अपोलोडोरसच्या नावे चालणाऱ्या ग्रंथात स्पष्टपणे येते, तो या मूर्तीहून सुमारे हजार वर्षांनी अर्वाचीन आहे! 'इलियड'मध्ये कायरॉन केंतॉरांतील सर्वांत न्यायी आणि अकिलीसचा वैद्यकगुरू म्हणून येतो. तेथे जखमेचा उल्लेख नाही, त्याच्या अश्वदेहाचे वर्णनही नाही.

पाली ग्रंथ व शिल्पे यांचा मेळ घालताना आम्हांस हाच प्रश्न पडतो. भारहुतच्या एका शिल्पावर 'बिडालजातक' व 'कुक्कुटजातक' अशी दोन्ही नावे कोरली आहेत. पाली संग्रहात त्या कथेस केवळ 'कुक्कुटजातक' म्हटले आहे. जेथे शिल्पकाराने स्वतः नाव लिहिले तेथेही ग्रंथाशी तंतोतंत जुळणी होत नाही. मग लेफ्कांदीच्या मूर्तीवर तर एक अक्षरही नाही. खाच जखमेची असेल, हे आम्ही मान्य करतो. ती कायरॉनचीच, हे म्हणण्यास आधार अपुरा आहे.

या नामचर्चेत एक गोष्ट मागे पडते, आणि तिचाच आम्हांस खेद वाटतो. मूर्तीचे मस्तक एका थडग्यात मिळाले, धड दुसऱ्या. ती फोडून तिचे भाग दोन मृतांसोबत वाटून दिले गेले असावेत. त्या दोघांचे परस्पर नाते काय होते, हा प्रश्न कायरॉनच्या नावापेक्षा थोर आहे. आज संग्रहालयात दिसणारी अखंड मूर्ती ही उत्खननानंतरची जोडणी आहे. पुरणाऱ्यांनी तिला तशी ठेवली नव्हती.