बारवीची हिवाळी पातळी : बातमीतून निसटणारे गणित

पावसाळ्यात बारवी धरण काठोकाठ भरले, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात ती मोठी बातमी होते. दरवाज्यांतून उसळणाऱ्या पाण्याचे छायाचित्र छापले जाते, टक्केवारी दिली जाते आणि वर्षभराची चिंता मिटली असा सूर लागतो. त्यानंतर धरण दिसेनासे होते ते उन्हाळ्यात, उघड्या पडलेल्या तळाच्या छायाचित्रासह परत येते. आमचा आक्षेप या दोन छायाचित्रांमध्ये गाळलेल्या महिन्यांबद्दल आहे. उन्हाळा कसा जाईल हे बरेचसे त्याच महिन्यांत ठरते.

प्रथम दरवाज्यांविषयी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाची पूर्ण पातळी ७२.६० मीटर आहे. पाणी तेथवर पोचले की दाबाने स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि जादा पाणी नदीत जाते. म्हणजे हे दरवाजे पातळी वाढू देत नाहीत एवढेच. उतरणारी पातळी सांभाळणे त्यांचे काम नव्हे. हिवाळ्यात पाणी खालच्या विमोचकातून सोडले जाते आणि रोज किती सोडायचे, हे माणसे ठरवतात. छायाचित्र दरवाज्यांचे छापले जाते, निर्णय मात्र दुसरीकडेच होत असतो.

परदेशी पुस्तके वाचून शिकवतानाही येथे गफलत होऊ शकते. कॅनडातील रिडो जलमार्गाच्या वरच्या भागातील तलावांची पातळी हिवाळ्यापूर्वी मुद्दाम उतरवतात. वसंतात वितळणाऱ्या बर्फाला जागा हवी असते. आपल्याकडे उलट आहे. पाऊस संपला की आवक जवळजवळ थांबते आणि १५ ऑक्टोबरला जो साठा असेल तो १५ जुलैपर्यंत, म्हणजे २७३ दिवस, पुरवायचा असतो.

आता एक साधे गणित करू. समजा, रोज एक माप पाणी लागते, म्हणून एकूण २७३ मापे हवीत. पण बाष्पीभवन आणि मृतसाठा वजा जाता हाती त्यापेक्षा दहा टक्के कमी, म्हणजे सुमारे २४६ मापेच आहेत. पहिल्या दिवसापासून दहा टक्के कपात केली, तर पाणी पुरते. मात्र ३१ मार्चपर्यंतचे १६७ दिवस पूर्ण पुरवठा केला, तर उरलेल्या १०६ दिवसांसाठी ७९ मापे राहतात. मग कपात सुमारे २६ टक्के करावी लागते, तीही कडक उन्हात. अशा वेळी पहिली झळ बसते ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना. २०१५ साली पाऊस अपुरा झाला तेव्हा ठाणे जिल्ह्यात पाणीकपात उन्हाळ्याची वाट न पाहता सुरू झाली. ती अनेकांना जाचक वाटली, पण या गणिताच्या दृष्टीने ती योग्यच होती.

हिवाळ्यात कपात अन्यायाची का वाटते? याचे उत्तर जलाशयाच्या आकारात आहे. जलाशय वर पसरट, खाली अरुंद असतो. कागदाचा शंकू करून पाहा : निम्म्या उंचीपर्यंत भरला, तर त्यात पूर्ण शंकूच्या फक्त एक अष्टमांश पाणी मावते. प्रत्यक्ष जलाशय शंकू नसतो, पण कल तोच असतो. म्हणून डिसेंबरात तेवढेच पाणी काढले तरी पातळी हळू उतरते आणि मे महिन्यात झपाट्याने. डोळ्यांना हिवाळ्यात धरण भरलेलेच दिसते. बातमीत कधी मीटर, कधी टक्के दिले जातात. त्यांचा परस्परसंबंध कोणी सांगत नाही.

उल्हास नदीबाबतही असाच गैरसमज होतो. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देणाऱ्या बदलापूरच्या बंधाऱ्यापाशी हिवाळ्यात दिसणारा प्रवाह निव्वळ निसर्गाचा नसतो. १९२२ पासून सह्याद्रीपलीकडच्या आंध्रा खोऱ्यातील पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून खाली उतरून उल्हास नदीत येते. तेथे किती वीज निर्माण करायची, यावरही खालच्या शहरांचे पाणी अवलंबून असते.

बारवीची उंची वाढवून साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत नेला गेला, त्यासाठी तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांना जमिनी सोडाव्या लागल्या. वाढलेल्या प्रत्येक मीटरची किंमत कोणीतरी मोजली आहे. तेव्हा त्या पाण्याचा हिशोब पावसाळ्यातील एका छायाचित्रावर संपू नये.

शिक्षकांना आमची सूचना अशी : १५ ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला वर्तमानपत्रातून बारवीची पातळी व साठा टिपून घ्या आणि वर्गात आलेख काढा. दोन्ही रेषा सारख्या उतरत नाहीत, हे विद्यार्थ्यांना स्वतः दिसेल. पाठ्यपुस्तकातील धरणांच्या फायद्या-तोट्यांच्या यादीला तेव्हा कुठे अर्थ येईल. आणि वर्तमानपत्रांनी ‘धरण भरले’ या मथळ्याखाली आणखी एक आकडा द्यावा : आजच्या वापराने हे पाणी कोणत्या तारखेपर्यंत पुरेल?