विधवेची दमडी आणि वगळलेली तीन वचने

संत मार्कच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेची कथा ठाऊक नाही असे कॅथलिक घर गिरगाव-दादरात शोधूनही सापडायचे नाही. उपासनाचक्राच्या 'ब' वर्षात, सामान्यकाळाच्या 32 व्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, ती वेदीवरून वाचली जाते. छपराच्या दुरुस्तीचा वा सभागृहाच्या बांधकामाचा विषय धर्मग्रामात निघालेला असला, तर त्या दिवशीचे प्रवचन कोणत्या वळणाने जाणार हे बाकावर बसण्यापूर्वीच सांगता येते. तिने दमडी दिली. आपण काय देणार?

आमचा आक्षेप प्रवचनकारांवर नाही, वाचनाच्या लांबीवर आहे. त्या रविवारसाठी वाचनग्रंथाने दोन पर्याय दिले आहेत: बाराव्या अध्यायातील 38 ते 44 ही वचने, किंवा नुसती 41 ते 44. धाकटा पर्याय निवडला की तीन वचने गळतात. कोणती? लांब झगे मिरवणाऱ्या, मेजवानीत मानाची जागा शोधणाऱ्या आणि विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशूने दिलेला इशारा. त्याच्या पाठोपाठ एक विधवा मंदिराच्या दानपेटीपाशी येते आणि उपजीविकेचे सारे काही पेटीत टाकून रिकाम्या हाताने निघून जाते. लूकनेही हाच क्रम राखला आहे. पुढे तेरावा अध्याय उघडतो तो मंदिराच्या भव्य चिऱ्यांचे कौतुक करणाऱ्या शिष्याला येशूने दिलेल्या उत्तराने: या चिऱ्यांपैकी एकही जागेवर राहणार नाही. पुढच्या रविवारचे वाचन मात्र त्याच अध्यायाच्या 24 व्या वचनापासून सुरू होते. चिऱ्यांची गोष्ट आमच्या कानी पडतच नाही.

अ‍ॅडिसन राइट या अमेरिकन बायबल-अभ्यासकांनी 1982 साली या उताऱ्यावर लिहिताना विचारले होते की, येशूचे हे उद्गार स्तुतीचे की विलापाचे? प्रश्न रास्त आहे. 'तुम्हीही तसेच करा' हे शब्द येशूच्या तोंडी नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि विधवेची दोन नाणी मिळून त्याचा 64 वा भाग. 1957 पूर्वीच्या आपल्या रुपयाचे 64 पैसे होत. म्हणजे रोजचा रुपया मिळवणाऱ्याचा एक पैसा. तेवढ्यावर जिचे पोट, तिच्याकडून तोही पैसा घेणाऱ्या व्यवस्थेबद्दल येशूला काही म्हणायचे नसेल काय? त्याच 1982 च्या जानेवारीत लालबाग-परळचे गिरणी कामगार संपावर गेले आणि कितीतरी घरांची चूल बाईच्या शिवणकामावर, धुण्याभांड्यांवर पेटू लागली. अशा बाईला ही कथा धाकट्या पर्यायात ऐकवणे आणि पूर्ण ऐकवणे यांत फार अंतर आहे.

राइट यांचे म्हणणे आम्ही सगळेच्या सगळे स्वीकारतो असे नव्हे. विधवेने सर्वस्व दिले आणि दोनच अध्यायांनंतर येशूच्या दुःखसहनाची कथा सुरू होते. तिच्या देण्यात त्याच्या देण्याची सावली पाहणारी जुनी दृष्टी खोटी ठरत नाही. विलाप दानाचा नाही, दान घेणाऱ्यांचा आहे, एवढेच आम्ही म्हणू.

घेणाऱ्यांनी कसे वागावे हे नव्या करारात अन्यत्र स्पष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत विधवा प्रथम देणारी म्हणून येत नाही. रोजच्या वाटपात तिच्याकडे दुर्लक्ष होते म्हणून कुरकुर उठते आणि प्रेषित सात जणांना त्या कामावर नेमतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी जमवणारा संत पौल करिंथकरांना लिहितो की, इतरांना सुख आणि तुम्हांला ओझे असे व्हायला नको, समानता हवी. आणि या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून तीतबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवतो. 1983 च्या कॅनन कायद्याचा 1287 वा नियम तेच सांगतो: भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब, स्थानिक नियमांनुसार, भाविकांपुढे ठेवावा. 1267 व्या नियमाप्रमाणे ज्या कारणासाठी दिले त्याच कारणासाठी ते खर्चावे.

धोबीतलाव-गिरगावच्या जुन्या इमारतींतील गोवेकरांचे क्लब, म्हणजे त्यांच्या बोलीतील 'कूड', येथे आठवतात. गावागणिक एक कूड. भिंतीलगत ट्रंका, मधोमध गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. जहाजाची वाट पाहणारा खलाशी किंवा नोकरीच्या शोधातला आचारी तिथे अल्प वर्गणीत राही. कारभारी सभासदांतूनच निवडलेले असत. ज्याच्या ट्रंकेशेजारी आपली ट्रंक, त्याच्या वर्गणीचे काय झाले हे त्याला न सांगून कारभाऱ्याला चालण्यासारखे नव्हते. कुडीत सगळेच आलबेल असे, असा आमचा दावा नाही. चारचौघे एकत्र राहिले की भांडणे व्हायचीच. पण देणारा आणि मोजणारा एकाच छपराखाली झोपत.

'ब' वर्ष पुन्हा येईल तेव्हा 32 वा रविवार 7 नोव्हेंबर 2027 रोजी पडेल. दोन्ही पर्याय वाचनग्रंथात असतीलच. थोरला निवडावा, अशी आमची सर्व धर्मगुरूंना नम्र विनंती आहे. तीन वचनांना अर्धा मिनिटही लागत नाही.