एकोणचाळीस सह्यांचा हिशोब

लिंकन म्हटलं की गेटिसबर्गचं दोन-तीन मिनिटांचं भाषण आठवतं. पण त्याची खरी मेहनत बघायची तर २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये केलेलं भाषण वाचावं. त्याचा पहिला भाग चक्क रुक्ष आहे आणि मला तोच जास्त आवडतो.

वाद असा होता: पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू न देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे का? १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यातून स्टीफन डग्लसने तो निर्णय तिथल्या रहिवाशांवर (म्हणजे गोऱ्या रहिवाशांवर) सोडला. १८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने काँग्रेसला असा अधिकारच नाही असं सांगून टाकलं. शिवाय डग्लसचं म्हणणं, घटनाकारांना हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त कळत होता. लिंकन म्हणतो, कबूल. मग त्यांनाच विचारू.

आणि तो मोजायला बसतो. घटनेवर सह्या ३९. त्यांतल्या कोणी १७८४, १७८७, १७८९, १७९८, १८०४ आणि १८२० साली या प्रश्नावर काय मत दिलं, हे तो एकेक करून तपासतो. तेच नाव दोनदा मोजलं जाऊ नये याचीही काळजी घेतो. मत नोंदवलेले २३ निघतात, त्यांतले २१ त्याच्या बाजूचे. म्हणजे ३९मधलं स्पष्ट बहुमत. आमच्या धंद्यात याला 'गिट ब्लेम' म्हणतात: कुठली ओळ कोणी, कधी लिहिली. आवाज न चढवता समोरच्याचं वाक्य त्याच्याच गळ्यात घालायची ही रीत बेजोड आहे.

पण टोचतंही तेच. या ३९ जणांत खुद्द वॉशिंग्टनसकट बरेच जण गुलामांचे मालक होते. ज्यांच्या आयुष्यावर हा वाद चाललाय ते सुमारे ४० लाख लोक या हिशोबात साक्षीदार म्हणूनसुद्धा नाहीत. शेवटाकडे लिंकन गुलामगिरीला अन्याय म्हणतो खरा, पण जिथे आहे तिथे ती राहू द्यायलाही तयार असतो. फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, पण त्यांची स्वतःची रीत याच्या उलटी: पूर्वजांची साक्ष काढायची नाही, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं.

कूपर युनियनमध्ये ते चाललं नसतं. लिंकनला ते माहीत होतं, आणि मे महिन्यात त्याला उमेदवारी मिळाली.