पन्नास किलोमीटरच्या आतली मुलं

शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेची युद्धातल्या मुलांविषयीची प्रकाशनं एकामागून एक वाचताना मला ते व्याकरण पुन्हा आठवलं. मुलं मारली जातात, शाळा उद्ध्वस्त होतात, मदत अडवली जाते. कोण मारतं, कोण अडवतं? आतल्या पानांवर देशांची आणि सशस्त्र गटांची नावं येतात. पण जे वाक्य बातमीत जातं, जे आपल्या फोनवर येऊन पोहोचतं, त्यातला कर्ता गायब असतो. उरतो तो फक्त आकडा.

या संस्थेची सुरुवात मात्र अगदी उलट होती. १९१९ साली पहिलं महायुद्ध थांबलं होतं, तरी ब्रिटनने शत्रुदेशांची नाकेबंदी चालूच ठेवली होती आणि ऑस्ट्रियात मुलं उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब या बाईने लंडनच्या ट्राफल्गार चौकात पत्रकं वाटली. त्यावर एका कुपोषित बाळाचा फोटो होता आणि हे आपल्याच नाकेबंदीने केलंय, असं सरळ लिहिलं होतं. सेन्सॉरची परवानगी न घेतल्यामुळे तिला अटक झाली, ५ पौंड दंड झाला. तेवढी रक्कम सरकारी वकिलानेच तिच्या कामासाठी देऊ केली, हा या गोष्टीतला सगळ्यात गोड भाग. पण पत्रकाचं बळ त्या गोडव्यात नव्हतं. वाचणाऱ्याच्या स्वतःच्या सरकारकडे त्याने बोट दाखवलं होतं, बळ होतं ते त्यात.

आता शंभर वर्षांनंतरचे अहवाल बघा. २०१८ च्या अहवालात संघर्षग्रस्त भागात राहणारी मुलं ३५.७ कोटी होती. २०१९ च्या अहवालात हा आकडा ४२ कोटी झाला, म्हणजे जगातलं जवळपास पाचातलं एक मूल. ऑस्लोच्या शांतता संशोधन संस्थेने काढलेला हा आकडा खोटा नाही. तो कसा मोजला, हेही अहवालात दिलेलं आहे. वर्षभरात एकही सशस्त्र चकमक झाली, तर त्या जागेपासून त्याच देशातल्या ५० किलोमीटरपर्यंतचा भाग संघर्षग्रस्त धरायचा आणि तिथली मुलं मोजायची.

नकाशावर महाडला कंपासचं टोक ठेवा आणि ५० किलोमीटरचं वर्तुळ काढा. पोलादपूर आत येतं, माणगाव येतं, खेड येतं, आंबेनळी घाट चढून गेल्यावरचं महाबळेश्वरही येतं. समजा खेडजवळ एक चकमक झाली. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात आईला मदत करणारी मुलगी आणि चकमकीत घर जळालेला मुलगा, दोघंही त्या एकाच बेरजेत बसतात. अहवालाच्या आत तीव्रतेनुसार फोड केलेली आहे. वर्षात हजाराहून जास्त माणसं लढाईत मेली अशा भागातली मुलं १४.२ कोटी भरतात. मला हा दुसरा आकडा जास्त भयंकर वाटतो, कारण त्यामागे काय घडलंय ते कळतं. पण मथळ्यात जातो तो पहिला, मोठा आकडा.

वर्तुळाबाहेर राहणाऱ्यांचं काय? महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव नावातच फौज घेऊन उभं आहे. पहिल्या महायुद्धापासून इथली माणसं सैन्यात जात आली आहेत. वडील सीमेवर असताना ज्या घरात रात्री फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघतात, त्या घरातलं मूल या मोजणीत कुठेच नाही. चकमक दीड-दोन हजार किलोमीटरवर झालेली असते. अहवालाने त्या मुलालाही मोजावं, असं मी म्हणत नाही. पण 'युद्धाची झळ बसलेलं मूल' आणि 'चकमकीजवळ राहणारं मूल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संस्थेची भाषा त्या एकमेकींत मिसळते.

आकड्याने माणूस हलत नाही, हे संस्थेलाही ठाऊक आहे. म्हणून २०१४ मध्ये तिने तो गाजलेला व्हिडिओ काढला. दीड मिनिटात लंडनमधल्या एका मुलीचं वर्ष, एका वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत, आणि मधे युद्ध. रचना बिनचूक आहे, बघताना घसा दाटतो. पण सीरियातल्या मुलीचं दुःख कळायला मधे लंडनची मुलगी का लागली? कारण प्रेक्षक तिथला गृहीत धरलाय. महाडच्या एसटी स्टँडवर फोनमध्ये हे बघणाऱ्याला दोघीही सारख्याच लांबच्या. आपल्यासारखं दिसणारं मूल असलं तरच कळवळा येतो, ही सवय व्हिडिओ मोडत नाही, तिचा फायदा घेतो.

कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला उभं राहणं काय असतं, हे आमच्या भागाला २२ जुलै २०२१ नंतर थोडं कळलं. सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तळियेवर डोंगर आला, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीत माणसं गाडली गेली. मग मदत आली. ती हवीच होती आणि खूप जणांनी मनापासून केली. पण काही ठिकाणी किट हातात देताना मुलांना उभं करून, बॅनर नीट दिसेल असा फोटोही काढला गेला. ते फोटो कुठे गेले, हे त्या मुलांना कुणी सांगितलं नाही.

म्हणूनच सेव्ह द चिल्ड्रनचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं प्रकाशन मथळ्यांत कधी गाजलेलं नाही. २०१७ च्या या अभ्यासात संस्थेने ब्रिटन, जॉर्डन, बांगलादेश आणि नायजरमध्ये आपल्या फोटोंतल्या माणसांना आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून विचारलं की, तुम्ही फोटोला हो का म्हणालात, आणि तुम्हाला असं दाखवलेलं कसं वाटलं? इथे फोटोतला माणूस स्वतःच वाक्याचा कर्ता होतो.

मोठा आकडा निरुपयोगी नाही. निधी आणि धोरणांच्या बैठकांत तोच चालतो, आणि त्या पैशातून खरी औषधं पोहोचतात. पण वाचक म्हणून आपण त्यावर थांबू नये. पुढचा अहवाल फोनवर आला की आकडा वाचा, तो कसा मोजला ते शोधा, आणि मग पानापानात कर्ता शोधा. बॉम्ब कुणाचा होता, तो विकला कुणी, नाकेबंदी कुणाची? एग्लंटाइन जेबच्या पत्रकाला हे सांगायला एकच कागद पुरला होता.