कुळाची वही आणि गुरुपरंपरा : निवृत्तिनाथांच्या चरित्रकथेतील निवडीचा प्रश्न

संतचरित्रांचा अन्वय लावण्याच्या दोन पद्धती मराठीत रूढ झालेल्या आहेत. एकीनुसार संत हा स्वयंभू असतो आणि भोवतालचा समाज ही केवळ त्याच्या कसोटीची जागा ठरते. दुसरीनुसार त्याची वाणी आणि कृती ही तत्कालीन समाजस्थितीची निष्पत्ती असते. पहिली पद्धत भाविक चरित्रकारांची, तर दुसरी समाजशास्त्रीय समीक्षेची. या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात अशी एक कथा त्र्यंबकेश्वराशी निगडित आहे. ती निवृत्तिनाथांची.

परंपरेने जपलेला कथाभाग सर्वपरिचित आहे. आपेगावच्या कुलकर्णी घराण्यातील विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला. गुरूच्या आज्ञेवरून ते गृहस्थाश्रमात परतले आणि आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. हे कुटुंब त्र्यंबकेश्वरी असताना ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तेथे त्याला गहिनीनाथांचा अनुग्रह झाला. मातापित्यांचे देहान्त प्रायश्चित्त, पैठणचे शुद्धिपत्र आणि नेवाशाची गीताटीका हे कथेचे पुढील टप्पे होत.

या कथेत निवड नेमकी कोणाची? विठ्ठलपंतांचा संन्यास ही त्यांची निवड होती. परतणे हे आज्ञापालन होते. धर्मसत्तेने मात्र हा भेद मानला नाही. पित्याच्या आचरणाचे रूपांतर तिने अपत्यांच्या जन्मदोषात केले. म्हणजे एका पिढीची निवड ही पुढच्या पिढीची परिस्थिती झाली. निवृत्तीने बहिष्कार निवडला नव्हता, तसा वाघही निवडला नव्हता. गुहेतील क्षण हा परिस्थिती आणि योगायोग यांच्या छेदबिंदूवरचा आहे. त्यात स्वेच्छेचा अंश शोधणे व्यर्थ होय. स्वेच्छेचा प्रश्न त्यानंतर उभा राहतो : जे मिळाले त्याचे काय करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर चरित्रात नाही, संहितेत आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या समारोपात आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी परंपरा येते. गोदातीरीचे स्थळ येते, यादव राजा रामचंद्राचा उल्लेख येतो, शके १२१२ (इ. स. १२९०) ही कालनोंद येते. तेथे आळंदी नाही, शुद्धिपत्र नाही, विठ्ठलपंतही नाहीत. राजाचे नाव घेणारा हा ग्रंथकार पित्याचे नाव घेत नाही. तो स्वतःला महेशाच्या वंशातला आणि निवृत्तिनाथांचा पुत्र म्हणवितो. थोरला भाऊ येथे पित्याच्या स्थानी आला आहे. ज्या समाजाने कुळ नाकारले त्या समाजाकडे कुळ परत मागण्याऐवजी या भावंडांनी वंशाची व्याख्याच बदलली.

यावर असा आक्षेप संभवतो की शिष्याने स्वतःला गुरुपुत्र म्हणविणे हा सांप्रदायिक संकेत आहे. त्यातून इतका अर्थ काढणे अनुचित होय. संकेत होता हे निर्विवाद. परंतु संकेताचा अर्थ तो वापरणाऱ्याच्या स्थानावरूनही ठरतो. ज्याचे कुळ अबाधित आहे त्याने गुरुवंश सांगणे ही भर असते. ज्याचे कुळ हिरावले गेले आहे त्याने तो सांगणे हा पर्याय असतो.

तथापि हा पर्याय सर्वांना खुला होता, असे मात्र नाही. चोखामेळ्याच्या अभंगांत जातीचा उच्चार अटळपणे येतो. जन्म अनुल्लेखित ठेवण्याची मुभा त्याला नव्हती. पंढरीत त्याची समाधीही महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. ज्ञानदेवांचे मौन थोर खरे, पण त्यामागे वाळीत पडूनही न हिरावलेली विद्या होती. कुटुंबाची प्रतिष्ठा गेली, तरी अक्षर गेले नाही. निवड परिस्थितीच्या पलीकडे नसते. परिस्थितीने जे शिल्लक ठेवले त्यातूनच ती घडते. शुद्धिपत्राला ब्रह्मचर्याची अट होती, असे कथा सांगते. ती ग्राह्य धरल्यास ज्याला आपण वैराग्य म्हणतो त्यात लादलेले किती आणि पत्करलेले किती, हे सांगणे कठीण होते. ‘निवृत्ती’ हे नाव त्या दृष्टीने वाचकाला अस्वस्थ करणारे आहे.

प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) किंवा गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ ही कादंबरी यांसारख्या आधुनिक कलाकृतींनी, ग्रंथाने जे गाळले तेच पुन्हा मध्यभागी आणले. आधुनिक संवेदनेला ते मौन सोसत नाही. तिला दुःखाचा कर्ता हवा असतो. ही मागणी न्याय्य आहे. पण तिच्यामुळे भावंडांचे कर्तृत्व हे केवळ अन्यायाला दिलेले प्रत्युत्तर ठरते आणि त्यांनी स्वतः निर्माण केलेला अवकाश झाकोळतो.

त्र्यंबकेश्वरी हा प्रश्न आजही स्थळरूपाने उभा आहे. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे नोंदलेली असतात. पूर्वजांचे अतृप्त ऋण फेडण्यासाठी लोक नारायण-नागबळीचा विधी करवून घेतात. पूर्वजांचे केले वंशजाला भोगावे लागते, ही श्रद्धा त्या विधीच्या मुळाशी आहे. त्याच गावी निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला तेथे दिंड्या येतात. पित्याच्या कृत्यासाठी ज्याला शिक्षा झाली आणि ज्याने जन्माने न मिळालेला वंश पुढे चालविला, त्याच्या दर्शनाला आलेला वारकरी त्याच फेरीत आपल्या कुळाची वहीही पाहून जातो. या दोहोंत त्याला विसंगती जाणवत नाही. त्याच्या लेखी दोन्ही नोंदी खऱ्या असतात. समीक्षेनेही त्यांपैकी एक खोडण्याची घाई करू नये.