विवाहित किशोरी, गर्भारपण आणि संशोधनातील संमती : एक चिकित्सा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ व उत्तर भारतातून आलेली अनेक कामगार कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतील काही विवाहिता अठरा वर्षांखालील असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या अथवा गर्भवती होत्या. गर्भारपणाच्या संशोधनात या मुलींना स्थान असावे काय? ‘वय १८ व त्यापुढील’ अशी अट आराखड्यात घातली की हा प्रश्न उपस्थितच होत नाही. हे संरक्षण नव्हे, सोय आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील सहभागी बालक ठरते. तिची सहमती आणि पालकाची संमती अशा दोन्ही गोष्टी अपेक्षित असतात. पण येथे पालक कोण? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक म्हणजे तिचा पती. सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’ खटल्यात ११ ऑक्टोबर २०१७ रोजी अठरा वर्षांखालील पत्नीशी पतीने केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच वयोमर्यादा आहे. एक कायदा ज्याची सही मागतो, त्यालाच दुसरा आरोपी करतो. आईवडील दूर बीड-नांदेडकडे असतात, आणि विवाह त्यांनीच लावून दिला असल्यास २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाखाली तेही दोषी ठरू शकतात.

याहून बिकट प्रश्न गोपनीयतेचा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली, ती गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांपुरती. गर्भ वाढवू पाहणारी मुलगी आणि प्रश्नावली घेऊन तिच्या दारी आलेली कार्यकर्ती यांचा विचार त्यात नाही.

वगळण्याची किंमतही मोजली पाहिजे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या माता पोषण अभ्यासातील मातांचे सरासरी वय सुमारे २१ होते. त्यातूनच पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी असलेला संबंध पुढे आला. पाचोड (ता. पैठण) येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने तर विवाहित किशोरींनाच केंद्रस्थानी ठेवून काम केले. आजची वयाची अट पाहता, ज्यांचे शरीर अद्याप वाढत आहे अशा मातांविषयी नवे ज्ञान कोठून येणार?

तेव्हा नीतिमत्ता समित्यांनी पतीची सही हीच पालकाची संमती मानणे थांबवावे. मुलीची स्वतःची सहमती आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या स्त्री-साहाय्यिकेची उपस्थिती यांचा आग्रह धरावा. पोलिसांना कळविण्याचे बंधन तिला वय विचारण्यापूर्वी सांगितले जावे. त्यामुळे काहीजणी वय एकोणीस सांगतील आणि नोंदी बिघडतील, हा आक्षेप खरा आहे. परंतु अंधारात ठेवून मिळविलेल्या अचूक वयापेक्षा ही चूक पत्करण्याजोगी आहे.